सील ओरडतात तिथे

"पण बाबा, सीलचं ओरडणं कोणतं आणि माणसाची हाक कोणती, हे इतक्या वर्षांत तुम्हाला ओळखू येऊ नये?"

आर्सेनीनं विचारलं. धुक्यातून ओरडणं ऐकू येत होतं आणि नाझारी बाबा पाण्यात उतरायला जोडे काढत होते.

उत्तरेकडच्या गार समुद्राकाठी, काळ्या खडकांत, बाबांची दगडी झोपडी होती. समोरच्या कातळांवर सीलांचे कळप पडलेले असत. धुकं उतरलं की ही जनावरं माणसासारखी विव्हळत. भर दुपारी, दहा पावलांपलीकडचं दिसत नसताना, कुणी बुडणारा मदतीला बोलावतोय असं वाटे…

आणि प्रत्येक वेळी बाबा पाण्यात उतरत.

आर्सेनी मोठ्या मठातून आला होता. तिथल्या भजनी मंडळाचा तो प्रमुख. कुणाचा सूर केसभर ढळला तरी त्याला कळे. बाबांकडे ध्यान शिकायला म्हणून आला, आणि चारच दिवसांत बाबांना शिकवू लागला.

"हा सीलच आहे," तो म्हणाला. "ऐका, शेवटी आवाज घोगरा होतो. माणसाचा तसा होत नाही."

"असेल."

"एकतीस वर्षांत माणसं किती सापडली?"

"एकही नाही."

"मग?"

बाबांनी अंगरखा कमरेला खोचला आणि ते धुक्यात शिरले.

आर्सेनी काठावर बसून राहिला. भरती सुरू झाली होती. खडकाला चिकटलेले शिंपले एकेक करून पाण्याखाली जाऊ लागले. ओरडणं थांबलं. पाणकावळेसुद्धा गप्प झाले…

मग हाक आली.

"आर्सेनी…"

त्यानं कान दिला. शेवटाला आवाज घोगरा झाला होता. सीलच, त्यानं स्वतःला बजावलं.

"आर्सेनी…"

या वेळीही तसाच घोगरा. त्याच्या कानाला तिळमात्र शंका नव्हती. पण नाव त्याचंच होतं. तो उठून पाण्यात उतरला.

पाणी कमरेला लागलं तेव्हा समोर एक काळं, गोल डोकं वर आलं. ओल्या मिशा. डोळ्यांत पांढरं कुठेच नाही. ओळखीच्या माणसानं बघावं तसं ते त्याच्याकडे बघत राहिलं. मग वळून सावकाश पोहू लागलं.

आर्सेनी त्याच्यामागून गेला.

दोन कातळांच्या फटीत बाबांचा पाय अडकला होता. पाणी हनुवटीला टेकलं होतं.

पाय सोडवताना आर्सेनीची बोटं सोलून निघाली. बाबांना पाठीवर घेऊन तो कसाबसा काठाला लागला. दोघं कुडकुडत बसले.

"तुम्ही नावानं हाक मारलीत म्हणून बरं झालं," आर्सेनी खाली मान घालून म्हणाला. "पहिल्या हाकेला मी बसूनच राहिलो. मला क्षमा करा."

"मी नाही मारली. थंडीनं दातखीळ बसली होती माझी."

आर्सेनी पाण्याकडे वळला.

धुक्यातून पुन्हा आवाज आला. लांबट, शेवटाला घोगरा.

त्यानं बाबांकडे पाहिलं. "सीलच आहे ना, बाबा?"

"अंग ओलंच आहे तुझं," बाबा म्हणाले. "सुकायच्या आत जाऊन बघ."