सरदाराचा उलटा दगड

एक होता राजा. पण राजाला आज बसू दे तिकडे सिंहासनावर. गोष्ट त्याची नाही. गोष्ट आहे त्याच्या सरदाराची, रायाजीरावाची. आणि एका बाईची. तिचं नाव हौसा.

एकदा काय झालं, शत्रू चालून आला. करवंदीच्या खिंडीत त्याला अडवायचं ठरलं. पुढे घोड्यावर रायाजीराव, मागे पायी खडकओहळ गावचे शिपाई. त्यातच हौसाचा नवरा, सिदू. मग लांबवर धूळ उडाली. नुसती धूळच, बरं का! आणि रायाजीरावानं घोडा वळवला. "तुम्ही थांबा इथंच. मी आणखी माणसं घेऊन येतो," म्हणाला आणि गेला. तो गेलाच.

शिपाई थांबले. थांबा म्हटलं होतं ना! थांबले, लढले, शत्रूला मागे रेटलं. पण त्यांतला एकही जिवंत घरी आला नाही.

मग रायाजीराव राजासमोर जाऊन उभा राहिला. म्हणाला, "महाराज, शिपाई भ्याले आणि पळताना मेले. खिंड मी एकट्यानं राखली." राजानं त्याच्या गळ्यात मोत्याचा कंठा घातला. एका शब्दानं विचारलं नाही, की बाबा रे, तू एकटा होतास तर तुझ्या अंगावर ओरखडासुद्धा कसा नाही?

मला अजून संताप येतो सांगताना.

सिदूला घरी आणलं, तेव्हा हौसानं त्याला स्वतःच्या हातानं शेवटचं न्हाऊ घातलं होतं. सगळे वार छातीवर. पाठ कोरी. तिनं सरदाराला भर चावडीत विचारलं, "पळणाऱ्याला वार छातीवर कसे लागले?"

"ए बाई, चुलीपाशी बस," सरदार म्हणाला. "लढाईतलं तुला काय कळतंय?"

आता त्या गावची एक रीत होती. लढाईत कुणी मेला, की वेशीपाशी त्याच्या नावानं दगड उभा करायचा. त्याला म्हणतात वीरगळ. त्यावर लढणारा वीर कोरायचा, वर चंद्र-सूर्य कोरायचे, आणि सणासुदीला तिथं दिवा लावायचा. पण सरदारानं दवंडी पिटली, पळपुट्यांना वीरगळ नाही, दिवाही नाही. मग काय, गावातली पोरं हौसाच्या लेकीला चिडवायला लागली, "पळपुट्याची पोर! पळपुट्याची पोर!" तुमच्याएवढीच होती ती.

हौसानं ओढ्यातून एक धोंडा आणला, त्याला शेंदूर लावला आणि वेशीपाशी ठेवला. सरदाराच्या माणसांनी तो लाथेनं ओढ्यात ढकलला. तिनं परत आणला. त्यांनी परत ढकलला.

आणि त्याच जागी सरदारानं काय करावं? स्वतःची वीरगळ उभी करायचं ठरवलं! अरे, वीरगळ मेलेल्याची असते. जिवंत माणसानं स्वतःची करायची नसते. पण त्याला सांगणार कोण?

मग धाकू पाथरवटानं दगड घडवला. घोड्यावर सरदार, हातात तलवार, तोंड खिंडीकडे. वाजंत्री वाजली, दगडावरचं कापड ओढलं, आणि बघतात तर घोड्याचं तोंड गावाकडे, शेपूट खिंडीकडे! लोक खाली बघून हसले.

"धाक्या, हे काय केलंस?"

"धनी, देवाशपथ, मी सरळच कोरला होता!"

मग दुसरा दगड आणला, आधीच्यापेक्षा मोठा. या वेळी कापड घातलंच नाही. सरदार स्वतः हार घालायला पुढे झाला. हार दगडाला टेकला, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दगडातला घोडा गर्रकन वळला. आता लोक तोंडावर हसले.

"घोडाच नको!" सरदार ओरडला. "मला पायी कोर. उभा, ताठ."

मग तिसरा दगड आला. या खेपेला पूजेला राजा आला. राजानं कुंकू लावलं मात्र, दगडातल्या सरदाराची पावलं वळली. तोंड राजाकडे आणि टाचा पुढे! आता हसा. इथं हसायचं.

राजा हसला नाही. "रायाजीराव, हे काय आहे?"

"महाराज, पाथरवट फितूर आहे!"

मग गर्दीतून हौसा पुढे आली. म्हणाली, "एवढंच ना? मग दगडावर हात ठेव आणि म्हण, मी खिंडीत लढलो."

सगळे बघत होते. सरदारानं हात ठेवला. म्हणाला, "मी खिंडीत..." आणि त्याची स्वतःचीच पावलं वळली! पाय लागले पळायला. तो ओरडतोय, "थांबवा! थांबवा!" पण पाय ऐकतील तर ना. कंठा तुटला, मोती धुळीत सांडले. कुणी वेचले नाहीत.

मग राजा हौसाला म्हणाला, "बाई, माग काय हवं ते."

हौसा म्हणाली, "मला काही नको. तुम्ही एकदा विचारायचं होतं, महाराज. एवढी माणसं मेली. एकदा तरी आमच्या दाराशी येऊन विचारायचं होतं."

राजानं मान खाली घातली. मग तो ओढ्यात उतरला, हौसाचा धोंडा खांद्यावर घेऊन आला आणि त्यानं तो वेशीपाशी उभा केला. प्रत्येक शिपायाचं नाव घेऊन त्यानं दिवा लावला, आणि सिदूचा दिवा हौसाच्या लेकीच्या हातून लावून घेतला. त्यानंतर तिला कुणी चिडवलं नाही.

सरदाराचा उलटा दगड मात्र तिथंच ठेवला. त्या राज्यात सरदार व्हायचं असेल, तर आधी त्या दगडावर हात ठेवावा लागतो. पुष्कळ जण वेशीपर्यंत येतात आणि काहीतरी काम आठवून परत जातात.

सिदू परत आला का? नाही रे बाळा. दगडानं माणूस परत येत नाही. पण हौसा आणि तिची लेक ताठ मानेनं जगल्या, पोटभर जेवल्या, सुखानं राहिल्या.

आणि रायाजीराव? तो अजून पळतोय. बाहेर कुत्री भुंकतायत ना, ती त्याच्यावरच. भुंकू देत. तुम्ही डोळे मिटा आता.