यसूनं निवडलेला स्टोव्ह

फार वर्षांमागं एक होता गेनू, एक होती यसू आणि त्यांची दात न फुटलेली लेक चिंगी. डोंगरांपलीकडच्या गावी त्यांना राहायला घर मिळालं होतं. वाट तीन दिवसांची, पावसानं सरपण ओलं, आणि चिंगीला तर वेळच्या वेळी ऊन पेज हवी. तेव्हा पाठीवर नेता येईल असा स्टोव्ह घ्यायला दोघं दुकानात गेली.

यसूनं फळीवरच्या स्टोव्हना विचारलं, "बाबांनो, वाटेत बिघडलात तर?"

"मी कधी बिघडतच नाही, वहिनी!" स्पिरिटचा स्टोव्ह म्हणाला.

"बिघडणं आमच्या घराण्यातच नाही!" वातीचा फुगून म्हणाला.

पंपाचा पितळी स्टोव्ह हळूच म्हणाला, "माझ्या तोंडात काजळी अडकते, बाई. मग मी नुसता फुसफुसतो. पिन मारली की लागतो गायला."

बाकीचे दोघे खिदळले, "घ्या! दुखणेकरी पाठीवर घेऊन डोंगर चढा!"

गेनूही म्हणाला, "अगं, हा रडका कशाला?"

"अहो, ज्यानं दुखणं सांगितलं, त्याचं औषध बरोबर नेता येतं. न सांगणाऱ्याचं काय न्यायचं?" असं म्हणून यसूनं पितळी स्टोव्ह उचलला आणि पिन पदराच्या गाठीत बांधली.

दुसऱ्या दिवशी ऐन खिंडीत स्टोव्ह फुसफुसला आणि विझला. चिंगीनं भोकाड पसरलं. गेनू "बघ, सांगत होतो..." म्हणेपर्यंत यसूनं पिन मारली, काडी लावली, आणि स्टोव्ह असा गायला लागला, बरं का, की चिंगी रडायचं विसरून ऐकतच राहिली.

तिसऱ्या दिवशी तिघं पोटभर जेवून नव्या घरी पोचली. तिथं चिंगीला पाठोपाठ दोन भावंडं झाली, दारात दुभती म्हैस आली, आणि खाणारी तोंडं वाढली तरी पेजेचं पातेलं कुणाला कमी पडलं नाही.