शेवटच्या पंगतीचे पाहुणे

एकदा एका वृद्ध वैद्यांकडे शिकण्यासाठी एक तरुणी येऊन राहिली. दूरदेशी तिने वनस्पतींतील प्रथिनांचा अभ्यास केला होता आणि ती विद्या आपल्या माणसांच्या उपयोगी पडावी, या ओढीने ती परतली होती. वैद्यांच्या अंगणात ती जास्वंदीची पाने वाटी, जवस उकळून त्याचा दाट चीक गाळी, खोबरेल तेलात जीवनसत्त्वाचे थेंब घाली. दुपारी रुग्णांची पंगत बसे. तिथे वाढण्याचे कामही तिने हौसेने अंगावर घेतले होते.

मार्गशीर्षात एके दिवशी पलीकडच्या गावची शेवंता आली. डोक्यावरचा पदर तिने दातांत घट्ट धरला होता. तो सुटला तेव्हा शिष्येला दिसले, की केसांतला भांग रुंद झाला आहे आणि कपाळावरची रेघ मागे सरली आहे.

"टायफॉइडमधून उठले आणि हे असं झालं," शेवंता म्हणाली. "विंचरायला घेतलं की फणीत घरटं होतं बघा. वैशाखात भावाचं लग्न आहे. करवली मी. हातात करा घेऊन सगळ्या वऱ्हाडापुढे उभं राहायचं, आणि वाऱ्यानं पदर उडाला तर? येत नाही म्हणून कळवून टाकलंय."

"जाल, नक्की जाल!" शिष्या उसळून म्हणाली.

तिने परातभर मूग मोड आणून ठेवले होते. ते वाटून त्यात जवसाचा चीक घालायचा, वरून तेल; असा प्रथिनांचा लेप तिने मनात योजला होता. ती पाट्यापाशी बसणार, तोच वैद्यांनी शांतपणे परात उचलली. मूठभर मूग तिच्यापुढे ठेवले, बाकीचे पातेल्यात ओतले आणि जिरे-आल्याचे कढण शिजत ठेवले.

"गुरुजी, अहो, ते डोक्याला लावायचं आहे!"

"डोक्यालाच चाललंय," वैद्य म्हणाले. "फक्त पोटातून जाईल."

मग त्यांनी पाट मांडला, शेवंताला एकटीलाच बसवले आणि पुढे कढणाची वाटी ठेवली. बाकीचे रुग्ण पाहत राहिले. शेवंता अवघडून गेली.

"सगळ्यांच्या आधी? नाही बाई, घास उतरायचा नाही."

"घरी केव्हा जेवतेस?"

"सगळ्यांचं झालं की."

"तेव्हा काय उरतं?"

"उरतं ते." ती हसली. "खरवड, आमटीचं पाणी. तळाशी दाणा कुठला राहायला? आमच्या घरातले पळी बुडवून शोधून घेतात."

"आजारातून उठल्यावरही?"

शेवंताने वाटी तोंडाला लावली. कढण संपेपर्यंत तिने ती खाली ठेवली नाही.

मग वैद्य शिष्येकडे वळले. "बाळ, तुझी विद्या खोटी नाही. लेपातलं प्रथिन केसाला बाहेरून आधार देतं, तो तुटत नाही. तुझ्या जीवनसत्त्वानं तेल खवट होत नाही. म्हणूनच मूठभर मूग तुला ठेवले, ते वाट. पण जो केस दिसतो तो वाढून झालेला. वाढणारा केस मुळाशी असतो आणि तो ताटातलं खातो. शरीराचंही एक घर आहे. तिथे आधी काळीज जेवतं, मग बाकीचे. केस बसतात शेवटच्या पंगतीला. घरात शेवटी जेवणाऱ्या बाईचे केस म्हणजे शेवटच्या पंगतीतलीही शेवटची पंगत. तिथे दाणा पोचायचा, तर आधी हिला पाटावर बसवायला हवं."

शिष्येने मूठभर मूग वाटले आणि लेप शेवंताच्या विरळ भांगावर हलक्या हाताने लावला. कढणाची रीत तिने पुन्हा पुन्हा सांगितली, आणि एवढेच म्हणाली, "घरच्यांबरोबर बसा, मागून नको."

वैशाख सरता सरता शेवंता लग्नाचे लाडू घेऊन आली. पदर खांद्यावर होता. कपाळाच्या रेघेवर आखूड, कोवळे केस मोडासारखे ताठ उभे होते.

"करा घेऊन उभी राहिले!" ती दारातूनच म्हणाली. "वारा सुटला, सुटू दिला. सगळ्यांबरोबर जेवायला बसू लागले, तेव्हा सासूबाई आधी कुरकुरल्या. मग एके दिवशी त्याच म्हणाल्या, माझंही ताट घे गं तुझ्याशेजारी. त्याही जन्मभर मागूनच जेवल्या होत्या."

दुपारची पंगत बसली होती. शिष्या नेहमीप्रमाणे वाढत होती. शेवंताने तिच्याकडे निरखून पाहिले आणि विचारले, "ताई, तुम्ही कधी जेवता?"

शिष्या पुढच्या पानाकडे वळली. सारे उठले की ती स्वयंपाकघरात उभ्यानेच काहीतरी खात असे.

शेवंताने तिच्या हातातली पळी काढून घेतली आणि तिला पाटावर बसवले. तळापर्यंत पळी बुडवून तिने दाटसर उसळ वाढली. शिष्येने वर पाहिले. वैद्य शेजारच्याच पानावर होते. त्यांनी थोडे सरकून तिला ऐसपैस जागा करून दिली. तिने ताटाला हात जोडले, मग शेवंताला, आणि भरल्या डोळ्यांनी पहिला घास घेतला.

आज आपल्या घरी पान वाढाल, तेव्हा अजून कोण उभे आहे तेवढे पाहा.