द्वारका पापड लाटायला का येत नाही?

पापड पाकिटातून यायला लागले नव्हते, तेव्हाची गोष्ट. सातेवाडी नावाच्या गावात चैत्र लागला की बायका पोळपाट-लाटणं काखेत मारून निघायच्या. आज हिच्या घरी, उद्या तिच्या. पीठ एकीचं, हात सगळ्यांचे. उडदाच्या लाट्या तोंडात टाकत, आपापल्या सासूची नक्कल करत दुपार कधी सरायची कळायचंही नाही. गेले ते दिवस.

त्या गावात द्वारका नावाची बाई होती. लाटण्यात पटाईत, बोलण्यात त्याहून. एका वर्षी ती कुणाच्याच घरी आली नाही. निरोप धाडला तरी नाही.

गावाची रीत कडक होती. जी दुसरीकडं जात नाही, तिच्याकडं कुणी जायचं नाही. आणि वैशाखात द्वारकेच्या लेकीचं, शेवंताचं लग्न होतं. लग्नघरात पापड नाहीत म्हणजे या घराला गावात माणूस नाही, असंच व्याही समजायचे.

बायकांची तोंडं सुरू झाली.

"रक्तच तसलं," कोंडाबाई म्हणाली. "हिची आईसुद्धा अशीच तुसडी."

"सावत्र आईच्या हाताखाली वाढली ती," गोदा म्हणाली. "लहानपणी मनात बसतं ते जन्मभर निघत नाही."

"कशाचं काय! रुसली की आपण मनवायला धावतो. आपणच सवय लावली," सखू म्हणाली.

हौसाबाई सगळ्यांत वडील. ती म्हणाली, "पोरीला तालुक्याचं स्थळ मिळालं ना? आता आपण तिला कमी वाटतो. डोक्यात हवा शिरलीय."

शिकलेली माणसंही याच चार कारणांवर भांडतात म्हणे. भांडू देत. पण तिच्या दारात जाऊन विचारायला यांच्यातल्या एकीलाही पाय नव्हते.

लग्न तोंडावर आलं. हौसाबाई द्वारकेला चार शब्द सुनावायला निघाली. पाहते तर द्वारका अंगणात एकटीच. पिठाचा हा एवढा गोळा, निम्मा वाळून गेलेला. लाटलेले पापड मात्र बोटांवर मोजण्याइतके.

"मोठी झालीस का गं आम्हांपेक्षा?" हौसाबाईनं दारातूनच विचारलं.

द्वारकेनं मान वर केली नाही. "ये. हसून घे. मागच्या साली तुझ्याच अंगणात म्हणाली होतीस, पापड लाटतेस की गावाचा नकाशा काढतेस? नुकतीच तापातून उठले होते मी, लाटणं सरळ चालेना. सगळ्या हसलात."

'गंमत केली गं,' हे शब्द हौसाबाईच्या ओठांवर आले होते. तिनं ते गिळले. रीतीकडं बोट दाखवून घरी जाता आलं असतं. ती तडक कोंडाबाईच्या घरी गेली. सगळ्या तिथंच लाटत होत्या.

"कारण सापडलं," ती म्हणाली.

"रक्तच ना?" कोंडाबाईनं विचारलं.

"माझी जीभ. आणि तुमचे दात. उठा."

कोंडाबाईच्या पिठावर ओलं फडकं पडलं आणि सगळ्या द्वारकेच्या अंगणात आल्या. "चुकले गं," हौसाबाई सर्वांसमोर म्हणाली. द्वारकेनं पोळपाट तिच्याकडं सरकवला.

"बस. बोलत काय उभी राहिलीस? पीठ वाळतंय."

तात्पर्य: माणूस असा का वागतो, हे त्याच्या रक्तात, बालपणात, सवयीत नि डोक्यात शोधायच्या आधी आपण त्याच्याशी कसे वागलो ते आठवावं. आठवत नसेल तर त्याच्या दारात जाऊन त्यालाच विचारावं.