बोरीखालची जमीन

“मग तेव्हा तुमचा देव कुठं होता, आबा?”

नथनेल मास्तरांनी प्रश्न बांधावरूनच फेकला. आलेल्या माणसाला या, बसा म्हणायची रीतही त्यांनी हल्ली सोडली होती.

एलीशा आबा बांधापाशी येऊन थांबले. गावातल्या ख्रिस्ती मंडळीचे ते जुने पाळक, निवृत्तीनंतर परगावी राहणारे. मास्तरांना लहानपणी प्रार्थना शिकवली ती त्यांनीच. आता बातमी कळल्यावर काठी टेकत, धापा टाकत शेतापर्यंत आले होते.

“माझ्या सलोमीनं विहिरीत जीव दिला. मी पंचांच्या पाया पडलो. म्हटलं, पोरीला कबरस्तानात जागा द्या. तर म्हणाले, ती पवित्र जमीन आहे, असल्या मरणाला तिथं जागा नाही. घंटा नाही, गीत नाही... वेशीबाहेर इथं रानात आणली. एकट्यानं खड्डा खणला.”

“प्रार्थना?”

“कोणी केली नाही. मीसुद्धा नाही. तेव्हापासून तोंडाला कुलूप आहे.”

भर मंडळीत पाळकांच्या उपदेशातल्या चुका काढणारा हा माणूस! त्याच्या तोंडाला कुलूप...

“उघडावंसं वाटतं?”

मास्तरांनी बांधावरचं एक ढेकूळ उचलून समोरच्या नांगरटीत भिरकावलं.

“वाटतं. त्याचीच तर चीड येते.”

“पोर कुठं आहे?”

मास्तरांनी बोट दाखवलं. बोरीच्या झाडाखाली मातीचा उंचवटा होता. वर साधा दगडही नव्हता.

आबा तिकडे गेले. उंचवट्याच्या अलीकडेच थांबले. काठी मास्तरांच्या हातात दिली, डोक्यावरची टोपी काढली. मग कसेबसे वाकले आणि प्रार्थनामंदिराच्या पायरीशी काढून ठेवायचे, तशा चपला काढून बाजूला ठेवल्या.

“आबा, काटे आहेत तिथं!”

“असू देत.”

“अहो, पण पंच तर म्हणाले होते, पवित्र जमीन...”

आबा अनवाणी पायांनी त्या मातीवर उभे होते, हात जोडून, मान खाली घालून. वेदीपुढेही ते इतके लवून उभे राहिलेले मास्तरांनी कधी पाहिले नव्हते.

माती रोजचीच होती. पण आता तिच्यावर पाय ठेवायचीसुद्धा मास्तरांना भीती वाटली. त्यांनी खाली बसून बुटांच्या नाड्या सोडल्या. गाठ सुटता सुटत नव्हती.

अनवाणी होऊन ते आबांशेजारी उभे राहिले.

“बोल,” आबा म्हणाले.

“हे आमच्या स्वर्गातील पित्या...”

पित्या म्हणताच मास्तरांचा बांध फुटला. लेकीला पुरतानाही जो रडला नव्हता, तो माणूस गुडघ्यांवर कोसळून हमसाहमशी रडू लागला.

“पुढचं येत नाही, आबा...”

आबांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

“राहू दे. ज्याला हाक मारलीस, त्याचंही लेकरू वेशीबाहेरच, क्रुसावर मेलं.”