बुरडिणीचा ओटा

तेव्हा राज्यात राणी होती, राणीची पालखी होती आणि पालखी वाहणाऱ्या भोयांचा मोठा मान होता. त्या जुन्या काळची ही गोष्ट. थोरांनी ऐकावी, पोरांनीही ऐकावी.

राणीची पालखी वर्षातून एकदा, चैत्रात, राज्यभर फिरे. तिची एक रीत होती. भोई आपण होऊन जिथे पालखी टेकवतील, तिथे राणीने उतरायचं आणि त्याच घरचं पाणी प्यायचं. कुठे थांबायचं हे भोयांना खुद्द राणीनेही सांगायचं नाही. ज्या घरापुढे पालखी टेकली ते घर मानाचं होई. मग त्याचा दगडसुद्धा कोणी हलवू शकत नसे.

ही रीत सगळ्यांना तोंडपाठ होती. पण मानाचं नाव निघालं की माणसाला राणी तेवढी दिसते, भोई दिसत नाहीत.

डोंगराच्या उतरणीवर एक गाव होतं. गावाच्या खालच्या टोकाला पाटलाचं चिरेबंदी घर होतं. तिथून रस्ता चढत चढत वर जाई आणि चढ संपतो तिथे एका बुरडिणीचं दोन खणांचं घर होतं. ती आणि तिचा नवरा बांबूच्या टोपल्या, सुपं विणून पोट भरत.

पाऊस सरला आणि एके दिवशी पाटील वर आला. भिंतीवर ओघळ, दारात बांबूच्या सालपटांचा ढीग, पुढे बाभळीच्या काट्यांचं कुंपण. पाटलाने नाक मुरडलं.

"अगं ए, हे घर आहे की उकिरडा? साऱ्या गावाची लाज काढलीस! हे पाडतो आणि इथे माझ्या नावाची कमान उभी करतो."

बुरडिणीने हात जोडले. "पाटीलबाबा, आम्ही जावं कुठं? चैतापर्यंत थांबा. मी घराला रूप आणते."

"आण बघू," पाटील हसला. "मला पसंत पडलं तर ठेवीन."

तो गेला तसा नवरा मटकन खाली बसला. "दोन खणांचं घर आपलं. त्याला किती नटवशील?"

बुरडीण उठली. बांबूचा भारा डोक्यावर घेऊन ती चढाच्या पायथ्याशी गेली आणि रोजच्यासारखी वर येऊ लागली. फरक इतकाच, की आज ती घराकडे बघत येत होती. इतकी वर्षं त्या घरात राहून तिने ते रस्त्यावरून कधी नीट पाहिलंच नव्हतं. चढ संपता संपता मान आखडली, घसा सुकला. समोर घर होतं, पण भारा टेकवायला जागा नव्हती. काटे मात्र होते.

"अरे देवा," ती म्हणाली, "माझं घर तर आल्यागेल्याला 'पुढं चल' म्हणतंय!"

दुसऱ्या दिवसापासून तिने पदर खोचला. काट्यांचं कुंपण उपटून चुलीत घातलं. सालपटांचा ढीग मागच्या दारी गेला. पुढे तिने कमरेइतकं बांबूचं कुंपण विणलं, टोपलीसारखं नक्षीदार, आणि त्यावर गोकर्णीचा वेल सोडला. भिंती लिंपून गेरूने रंगवल्या, वर चुन्याचा पट्टा ओढला. दारातल्या कडुनिंबाला आळं केलं, खरकटं पाणी मोगऱ्याला जाऊ लागलं. नवरा आधी कुरकुरला, मग तोच टोपल्या भरभरून माती आणू लागला.

शेवटी तिने निंबाच्या सावलीत एक रुंद ओटा बांधला. तोही कुंपणाच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला. डोक्यावरचा भारा कोणाची मदत न घेता सरकवता यावा एवढा उंच. शेजारी पाण्याचा रांजण ठेवला.

पाटील बघायला आला आणि पोट धरून हसला. "ओटा घराला बांधतात की रस्त्याला?"

"घरात असले की मला घर आतूनच दिसतं, पाटीलबाबा," ती म्हणाली. "बाहेरून बघतो तो वाटेवरचाच. मग नटवायचं ते त्याच्यासाठीच."

"मला काही पसंत नाही," पाटील म्हणाला. "पालखी गेली की घर पाडायचं!"

बुरडिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. फार वाईट वाटलं तिला. पण वेलाला पाणी घालायचं तिने सोडलं नाही.

इकडे पालखी आपल्याच दारी टेकावी म्हणून पाटलाने काय केलं म्हणता? रानातल्या फुललेल्या फांद्या तोडून आणल्या आणि अंगणात रोवल्या. झाड लावायचं ते मुळासकट, एवढं शेंबडं पोरही जाणतं! शिवाय दारापासून थेट रस्त्यापर्यंत रांगोळी घालून घेतली. एवढी मोठी, की पाऊल ठेवायला बोटभर जागा उरली नाही. घरची माणसं गोठ्याच्या वाटेने ये-जा करू लागली. रांगोळी मोडू नये म्हणून दारात काठीवाले उभे राहिले.

आणि पालखी आली. ऊन मी म्हणत होतं, भोई घामाने निथळत होते. पाटलाच्या दारी ते थबकले. सुंदर रांगोळी बघून पालखी टेकवायला जरा वाकले, तोच काठीवाले ओरडले, "अरे अरे, रांगोळी मोडेल! पुढे व्हा, पुढे व्हा!"

भोई मुकाट्याने पुढे झाले.

चढ चढून ते वर आले. समोर निंबाची सावली, निळ्या फुलांचं कुंपण, लालबुंद भिंती. म्हातारा भोई धापा टाकत म्हणाला, "बाई, इथं टेकवू का?"

"इचारता काय? टेकवा की!" बुरडीण म्हणाली. "ओटा त्यासाठीच हाय."

पालखी टेकली. पडदा सरला. राणीने आधी मोगऱ्याचा वास घेतला, मग घर डोळे भरून पाहिलं, मग रांजणातलं पाणी मागितलं.

तेवढ्यात पाटील धावत आला. "राणीसाहेब, चूक झाली! हे घर तर आम्ही पाडणार होतो. इथे कमान व्हायची आहे."

राणी शांतपणे म्हणाली, "पाटील, कमानीखालून माणूस पुढे जातो. इथे तो थांबतो. घर मानाचं झालं. आता याला हात लावायचा नाही."

साऱ्या गावाने टाळ्या पिटल्या. नवऱ्याने तर आनंदाने सूपच वाजवलं. बुरडीण हसत होती आणि रडतही होती. पाटील घराची शोभा वाढवायला निघाला होता, पण चारचौघांत शोभा झाली ती त्याचीच.

पुढे गावातल्या घराघरापुढे ओटे झाले, वेल चढले, सावल्या वाढल्या. वाटसरू वाट वाकडी करून त्या गावात येऊ लागले. अखेर पाटीलही एकदा चढ चढून वर आला, ओट्यावर बसून घोटभर पाणी प्याला आणि मान खाली घालून म्हणाला, "बाई, माझ्याही दारापुढे असा ओटा बांधून दे."

तिने तो बांधून दिला.

तात्पर्य: ज्या दारापुढे थकलेल्याला टेकावंसं वाटतं, तेच घर देखणं.