विड्यातला बदाम आणि इंजिनाची झडप

"आरतीपर्यंत झडप कमी-जास्त उघडून दाखव. न्हाईतर उद्या दसऱ्याच्या मुहूर्तावर ह्यांच्या कागदावर सही, आणि तुझ्या डिझाइन खात्याला टाळं!"

भाऊसाहेब इंगवल्यांनी मला हे ऐन खंडेनवमीला, कारखान्याच्या मधोमध, सगळ्यांसमोर सुनावलं. कोल्हापुरात त्यांचा मोटारींची इंजिनं बनवण्याचा कारखाना आहे आणि तिथे त्यांच्या शब्दापुढे कोणाचं चालत नाही. 'ह्यांच्या' म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या कर्णिकांच्या. हे गृहस्थ एका परदेशी कंपनीतर्फे तयार डिझाइन विकायला आले होते. आणि मी टेंबे, डिझाइन खात्याचा प्रमुख. माझ्या हाताखाली चार माणसं आहेत आणि खात्यात सगळ्यात निरुपयोगी कोण, याबद्दल त्या चौघांचं एकमत आहे.

इंजिन झडपेतून श्वास घेतं. ती झडप उघडतो कॅम. कॅम म्हणजे माझ्यासारखाच एका बाजूने पोट सुटलेला तुकडा. फरक इतकाच, की तो लोखंडाचा असतो आणि काम करतो. तो गोल फिरतो आणि पोटाची बाजू आली की झडप ढकलली जाते. महाद्वार रोडच्या गर्दीत गाडी रेंगाळत असताना झडप जराशी उघडली तरी पुरते, उगाच पेट्रोल जळत नाही. आंबा घाट चढताना मात्र ती चांगली उघडावी लागते. आता पोट एकच, तर ते कधी थोडं आणि कधी जास्त ढकलणार कसं? कॅमचा आकार बदलायचीही सोय नव्हती. तो भाऊसाहेबांच्या वडिलांनी ठरवलेला होता आणि त्याला कानस लावायचं नाव काढलं तरी भाऊसाहेबांचे डोळे लाल व्हायचे.

वर्षभर मी यावर डोकं लढवत होतो. डोक्याच्या मानाने लढाई मोठी होती. पहिल्या नमुन्यात झडप उघडली ती मिटेचना. दुसऱ्यातली स्प्रिंग उडून भाऊसाहेबांच्या चहात पडली. तिसरा नमुना मात्र जमला होता, फक्त एक पिन घट्ट करायची राहिली होती.

आणि ती आता करता येत नव्हती, कारण तो नमुना पूजेत होता. खंडेनवमीला पूजेत मांडलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, अशी इथली रीत. सकाळी मीच हौसेने नमुना, पाने, पकडी, हातोड्या धुऊनपुसून पाटावर मांडल्या होत्या. एखादा पाना बाहेर राहू द्यावा, हे मला सुचलं नाही. उलट आरास कमी दिसते म्हणून शेजारच्या खात्यातलेही पाने मागून आणले होते.

"आमचं डिझाइन तीनशे पानांचं आहे," कर्णिक मंद हसून म्हणाले.

माझी चारही माणसं माझ्याकडे बघत होती. कोणाचं घराचं काम निघालेलं, कोणाच्या मुलीचं शिक्षण चाललेलं, आणि सगळं अडकलं होतं ते माझ्या हौसेपायी. मला फार लाज वाटली. मान खाली गेली ती थेट पूजेच्या ताटाकडे. तिथे विडा मांडला होता.

"गुरुजी," मी विचारलं, "विडा हत्यारांत धरतात का हो?"

"छे, छे! विडा कसलं हत्यार?" गुरुजी म्हणाले.

मग मी ताटातली पळी उचलली. पळीच्या दांड्याखाली विड्यातला बदाम आडवा ठेवला, वाटीखाली झेंडूचं फूल ठेवलं आणि मध्ये टेकू म्हणून सुपारी वरून बोटाने दाबून धरली.

"साहेब, बदाम म्हणजे कॅम आणि हे फूल म्हणजे झडप. आता बघा."

मी बदाम फिरवून त्याच्या कडेवर उभा केला. दांडा वर गेला, वाटी खाली आली आणि फूल जरासं दबलं.

"ही महाद्वार रोडवरची गाडी."

मग सुपारी फुलापासून बदामाकडे सरकवली आणि बदाम पुन्हा तसाच फिरवला. या वेळी फूल पार चपटं झालं.

"आणि हा आंबा घाट."

भाऊसाहेब धोतर सावरून खाली बसले. त्यांनी स्वतः सुपारी सरकवून पाहिली, पुन्हा पुन्हा पाहिली. फुलाच्या पाकळ्या निघाल्या तरी त्यांचं चाललंच होतं.

"कॅम त्योच?"

"बदामाला नखसुद्धा लावलं नाही साहेब."

"आन् गाडीत ही सुपारी सरकवणार कोण?"

"ड्रायव्हरचा पाय. तो ॲक्सिलरेटर जितका दाबेल, तितकी ती सरकेल. पूजेत बसलाय त्या नमुन्यात हेच आहे, फक्त सुपारीच्या जागी पिन आहे."

तेवढ्यात कर्णिक पुढे झाले. "पोरखेळ आहे हा! उद्या भर घाटात हे मोडलं, तर काय कराल?"

"आमचं मोडलं तर इथेच दुसरं बसवू," मी म्हणालो, "आणि मोडलेला बदाम प्रसाद म्हणून वाटून टाकू. तुमचं मोडलं तर परदेशातून माणूस येईपर्यंत साहेबांनी घाटात काय खायचं? तुमची तीनशे पानं?"

भाऊसाहेब असे खदखदून हसले, की पाटावरचे पाने खुळखुळले. हसता हसताच त्यांनी डोक्यावरचा फेटा काढला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. तो मला मोठा झाला आणि थेट नाकापर्यंत उतरला. त्यामुळे त्यांनी कर्णिकांचे कागद परत केले, ते काही मला दिसलं नाही. माझ्या चौघांच्या टाळ्या मात्र चांगल्या ऐकू आल्या.